जुन्या राउटरचा पत्ता कर्नल का विसरत नव्हता

देवगडजवळच्या एका आंबा बागायतदारांच्या शेडमध्ये, रायपनिंग चेंबरच्या, म्हणजे आंबे पिकवण्याच्या खोलीच्या, भिंतीवर, मी बसवलेला एक लहानसा डबा आहे. चेंबरमधील तापमान आणि आर्द्रता दर दहा सेकंदांनी मोजायची आणि ती नोंद इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरकडे पाठवायची, एवढेच त्याचे काम. या डब्यात चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम बाजारात मिळणारी नाही; विद्यार्थ्यांना शिकवता शिकवता काही वर्षांत आम्ही स्वतः लिहिलेला तो एक छोटा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आहे. मे महिन्याच्या अखेरीस एका रात्री वळवाचा पाऊस विजांसकट कोसळला आणि शेडमधला राउटर जळाला. दुसऱ्या दिवशी दुपारी नवा राउटर बसवला गेला, जुन्याचाच १९२.१६८.१.१ हा पत्ता त्याला दिला गेला आणि सगळ्यांचे फोन पूर्ववत चालू झाले. डब्याच्या नोंदी मात्र सर्व्हरवर आल्याच नाहीत. संध्याकाळी त्या बागायतदार काकांचा फोन आला: "माझ्या फोनार नेट चालता, मगे तुमच्या डब्याकच काय झाला?"

डबा बंद करून पुन्हा चालू करायला मी सांगितले आणि नोंदी येऊ लागल्या. हंगामाचा शेवटचा माल चेंबरमध्ये होता, त्यामुळे त्या क्षणी तेवढे पुरेसे होते. पण बंद-चालू केल्यावर यंत्र सुधारले, याचा अर्थ चूक तारेत किंवा सेन्सरमध्ये नव्हती. ती डब्याच्या स्मरणात होती, आणि ते स्मरण आम्ही लिहिलेल्या कर्नलच्या ताब्यात होते. ती चूक कशी सापडली आणि कशी दुरुस्त झाली हे नीट समजायचे असेल, तर आधी एक यंत्र दुसऱ्या यंत्राला कसे शोधते हे पाहावे लागेल.

नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला दोन पत्ते असतात. पहिला आयपी पत्ता. तो माणसाने किंवा राउटरने नेमून दिलेला असतो, बदलता येतो, आणि जगभर पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, कोणत्या दिशेने जावे हे त्यावरून ठरते. आपल्या परिचयाच्या चौथ्या आवृत्तीत तो ३२ बिटांचा असतो. दुसरा मॅक पत्ता. तो ४८ बिटांचा, म्हणजे सहा बाइटांचा असतो आणि नेटवर्क कार्ड तयार होतानाच त्यात घातलेला असतो. त्याचे पहिले तीन बाइट सहसा बनवणाऱ्या कंपनीला नेमून दिलेले असतात, त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांचे राउटर त्यांच्या मॅक पत्त्याच्या सुरुवातीवरूनच ओळखू येतात. हा तपशील पुढे उपयोगी पडणार आहे. एकाच स्विचला, म्हणजे अनेक यंत्रांच्या तारा एकत्र आणणाऱ्या पेटीला, जोडलेल्या यंत्रांमध्ये प्रत्यक्ष तारेवरून जी फ्रेम, म्हणजे पॅकेटभोवतीचे पाकीट, जाते, तिच्यावर मॅक पत्ताच लिहावा लागतो. आयपी पत्ता तिच्या पोटात असतो आणि तारेच्या पातळीवर त्याच्याकडे कोणी पाहत नाही. कर्नलला ठाऊक असते की इंटरनेटकडे जायचे तर १९२.१६८.१.१ कडे जायला हवे. पण त्या आयपी पत्त्याचे यंत्र कोणत्या मॅक पत्त्यावर राहते, हे त्याला विचारूनच शोधावे लागते.

कोकणातल्या वाडीत नवखा टेम्पोवाला रिकामे क्रेट घेऊन येतो तेव्हा तो जे करतो, तेच कर्नल करतो. घरांना क्रमांक नसतात, एकाच आडनावाची दहा घरे असतात, म्हणून तो वाडीच्या तोंडाशी थांबून मोठ्याने विचारतो की अमक्यांचे घर कुठले. हाक सगळ्यांना ऐकू जाते, उत्तर एकच जण देतो, आणि तो रस्ता टेम्पोवाला पुढच्या खेपेसाठी लक्षात ठेवतो. नेटवर्कवरच्या या हाकेला अ‍ॅड्रेस रिझोल्यूशन प्रोटोकॉल, थोडक्यात एआरपी म्हणतात. डेव्हिड प्लमर यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये आरएफसी ८२६ या क्रमांकाच्या दस्तऐवजात तो मांडला (इंटरनेटचे नियम मांडणाऱ्या दस्तऐवजांना आरएफसी म्हणतात), आणि आजही इथरनेट किंवा वायफायवर आयपीची चौथी आवृत्ती चालवणारे प्रत्येक यंत्र तोच वापरते.

एआरपीचे पॅकेट अवघे २८ बाइटांचे असते. त्यात पाठवणाऱ्याचा मॅक आणि आयपी पत्ता, ज्याला शोधायचे आहे त्याचा आयपी पत्ता, त्याच्या मॅक पत्त्यासाठी ठेवलेली मोकळी जागा, आणि हे पॅकेट विचारणा आहे की उत्तर हे सांगणारा एक अंक, एवढीच मुख्य माहिती असते; विचारणेसाठी १ आणि उत्तरासाठी २. विचारणा सर्वांना पोचावी म्हणून ती अठ्ठेचाळीसही बिट १ असलेल्या मॅक पत्त्यावर पाठवली जाते आणि स्विच ती आपल्या सगळ्या तोंडांवर, म्हणजे तारा जोडण्याच्या जागांवर, सोडतो. उत्तर मात्र फक्त विचारणाऱ्याकडे जाते. मिळालेली जोडी कर्नल एका तक्त्यात लिहून ठेवतो, कारण प्रत्येक पॅकेटागणिक हाक मारत बसणे कोणालाच परवडणार नाही.

अडचण सुरू होते ती या तक्त्यापाशी. लिहून ठेवलेली जोडी किती काळ खरी मानायची? आरएफसी ८२६ मध्ये याचे उत्तर नाही. नोंदी जुन्या झाल्यावर काढून टाकणे इष्ट असू शकेल, पण ते कसे करावे हे या प्रोटोकॉलच्या कक्षेबाहेर आहे, अशा आशयाचा उल्लेख करून तो दस्तऐवज पुढे जातो. सात वर्षांनी, ऑक्टोबर १९८९ मध्ये, इंटरनेटवरच्या यंत्रांनी काय पाळले पाहिजे हे सांगणारा आरएफसी ११२२ आला आणि त्यात ही उणीव भरून काढली गेली: कालबाह्य नोंदी काढून टाकण्याची सोय असलीच पाहिजे, आणि त्यासाठी काळाची मर्यादा वापरायची तर ती साधारण मिनिटभराच्या घरातली असावी. त्याच परिच्छेदात एक लहानसा शब्दसमूह आहे, आणि आमचा सगळा घोटाळा त्याच्याकडे दुर्लक्ष केल्यामुळे झाला होता. नोंद वापरात असली तरीसुद्धा तिची मुदत संपली पाहिजे, असे तो सांगतो.

आमच्या कर्नलच्या तक्त्यात प्रत्येक नोंदीसोबत वेळेचा एकच रकाना होता. उत्तर आले की त्यात चालू वेळ लिहिली जाई, आणि ६० सेकंद उलटले की नोंद पुसली जाई. इथपर्यंत सर्व बरोबर होते. पण पॅकेट पाठवण्याच्या मार्गावर, तक्त्यातून मॅक पत्ता उचलल्यानंतर लगेच, आणखी एक ओळ होती जी तोच वेळेचा रकाना पुन्हा आताच्या वेळेवर आणून ठेवत असे. लिहिणाऱ्याचा विचार समजण्यासारखा आहे: जी नोंद सतत वापरली जाते ती कामाची आहे, तिला जपावे; जी पडून आहे तिची जागा मोकळी करावी. स्मरणातली जागा वाचवायची एवढाच हेतू असता तर ही रीत योग्यच ठरली असती. परंतु या रकान्याचा हेतू जागा वाचवणे हा नव्हता. पलीकडचे यंत्र अजून त्याच पत्त्यावर आहे का, याची खात्री किती जुनी आहे हे त्याने सांगायचे होते, आणि आपण पॅकेट पाठवले म्हणून पलीकडे कोणी ते घेतले असे सिद्ध होत नाही. टेम्पोवाल्याने रोज त्याच पडवीत क्रेट ठेवून जावे आणि त्या घराला कुलूप लागून महिना झाला असावा, तसे ते होते.

आता त्या रात्रीचा क्रम जुळवता येतो. शेडमधला स्विच इन्व्हर्टरवर होता, त्यामुळे राउटर जळाला तरी डब्याच्या तारेवरचा दुवा क्षणभरही तुटला नाही. दुवा तुटला असता तर आमचा कर्नल सगळा तक्ता पुसतो आणि हे प्रकरण उद्भवलेच नसते. डबा दर दहा सेकंदांनी नोंद पाठवत राहिला, प्रत्येक वेळी मुदत नव्याने साठ सेकंदांनी वाढत राहिली, आणि मृत राउटरचा मॅक पत्ता तक्त्यात कायमचा मुक्कामाला राहिला. नोंदी यूडीपीने, म्हणजे पोच न मागणाऱ्या पद्धतीने जात होत्या, त्यामुळे त्या कोणाला मिळत नाहीत हे कळायला डब्याकडे दुसरा मार्गही नव्हता. फोनचे तसे नव्हते. राउटर गेल्यावर त्यांचे वायफाय तुटले, नवा राउटर येताच ते नव्याने जोडले गेले आणि त्यांनी नव्याने हाक मारली. काकांच्या प्रश्नाचे उत्तर एवढ्यात येते.

हे सगळे आज सरळ वाटते. तेव्हा मात्र हा दोष माझ्या टेबलावर दाखवता येईना. घरी मी दोन जुने राउटर घेतले, दोघांना एकच आयपी पत्ता दिला, कर्नल चालू करून एक काढून दुसरा लावला, आणि पुढच्याच नोंदीपासून सगळे सुरळीत झाले. तीन वेळा केले, तिन्ही वेळा तेच. चूक माझ्या चाचणीत होती. टेबलावरचा, तोच कर्नल चालवणारा बोर्ड पाच मिनिटांनी एकदा नोंद पाठवत असे, म्हणजे दोन पॅकेटांच्या मध्ये साठ सेकंदांची मुदत आपोआप संपत असे आणि प्रत्येक वेळी नवी हाक मारली जाई. यंत्र जितके कामात, तितका हा दोष घट्ट. यंत्र जितके निवांत, तितका तो अदृश्य. अंतर दहा सेकंदांवर आणले तेव्हा दोष पहिल्याच फेरीत उभा राहिला आणि बोर्ड रात्रभर तसाच ठेवला तरी हलला नाही.

तारेवर काय चालले आहे हे पाहण्यासाठी मी त्याच स्विचला लॅपटॉप जोडून वायरशार्क हा तारेवरची पॅकेट दाखवणारा प्रोग्रॅम लावला. इथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. साधा स्विच कोणत्या तोंडावर कोणता मॅक पत्ता आहे हे शिकून घेतो आणि एकाची फ्रेम दुसऱ्याला दाखवत नाही, म्हणून एरवी बोर्डाच्या फ्रेम माझ्या लॅपटॉपला दिसल्याच नसत्या. पण स्विचसुद्धा आपले शिकलेले विसरतो, बहुतेक स्विच साधारण पाच मिनिटांत, आणि ज्या मॅक पत्त्याचे तोंड त्याला ठाऊक नाही त्या पत्त्याची फ्रेम तो सगळ्याच तोंडांवर सोडतो. काढून टाकलेल्या राउटरच्या नावाने निघालेल्या फ्रेम त्यामुळे मला दर दहा सेकंदांनी स्पष्ट दिसू लागल्या: आत आयपी पत्ता बरोबर, बाहेर मॅक पत्ता जुना, आणि त्याचे पहिले तीन बाइट कपाटात ठेवलेल्या राउटरच्या कंपनीचे. आमचा कर्नल जे विसरायला तयार नव्हता, ते स्विच विसरला होता म्हणून पुरावा हाती आला.

त्याच पडद्यावर दुसरी एक गोष्ट दिसत होती आणि ती मला अधिक अस्वस्थ करणारी होती. नवा राउटर गप्प नव्हता. तो चालू होताना त्याने आपल्या आयपी पत्त्याची घोषणा केली होती, आणि त्यानंतरही इतर यंत्रांना शोधण्यासाठी तो वरचेवर सर्वांना ऐकू जाईल अशी विचारणा करत होता. अशा प्रत्येक विचारणेत पाठवणाऱ्याचा मॅक आणि आयपी पत्ता असतोच. म्हणजे १९२.१६८.१.१ आता नव्या मॅक पत्त्यावर राहतो, हे बोर्डाच्या कानावर पुन्हा पुन्हा पडत होते आणि तरीही तक्ता बदलत नव्हता.

याचे कारण ओळींच्या क्रमात होते. आमचा कर्नल एआरपीचे पॅकेट आले की आधी ते विचारणा आहे की उत्तर हे पाहत असे. विचारणा असेल तर ती आपल्यासाठी आहे का हे पाहत असे. आणि आपल्यासाठी नसेल तर पॅकेट टाकून देत असे. सामान्य समजुतीला हे पटते, पण आरएफसी ८२६ मधला क्रम याच्या उलट आहे. तिथे आधी पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता आपल्या तक्त्यात आहे का हे पाहायचे, असेल तर त्याचा मॅक पत्ता तिथल्या तिथे बदलायचा आणि तसे केल्याची खूण ठेवायची. त्यानंतर हे पॅकेट आपल्याला उद्देशून आहे का हे पाहायचे. असेल आणि आधी खूण ठेवलेली नसेल, तर पाठवणाऱ्याची नवी नोंद करायची. विचारणा की उत्तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो, आणि त्या ठिकाणी प्लमर यांनी कंसात, दोन उद्गारचिन्हे देऊन, आता तो अंक पाहा अशी सूचना केली आहे. १९८२ च्या त्या रूक्ष मजकुरात उद्गारचिन्ह उठून दिसते. ते तिथे का आहे हे मी वर्षानुवर्षे शिकवत असूनही मला या प्रसंगानंतर नीट उमगले.

या क्रमामुळे आणखी एक कोडे सुटले. शोध घेताना मी एकदा नव्या राउटरच्या सेटिंगच्या पानावर जाऊन तिथून बोर्डाला पिंग केले होते, म्हणजे 'आहेस का' असे विचारणारे पॅकेट पाठवले होते, आणि पिंग करताच नोंदी सुरू झाल्या होत्या. माझ्या फोनवरून केलेल्या पिंगने मात्र काहीच फरक पडला नव्हता, जरी त्याला उत्तर व्यवस्थित येत होते. फोनची विचारणा बोर्डासाठी होती, म्हणून बोर्डाने फोनचा पत्ता लिहून घेतला आणि फोनला उत्तर दिले. राउटरशी त्याचा संबंध नव्हता. राउटरवरून पिंग केल्यावर राउटरचीच विचारणा बोर्डाच्या नावाने आली, आमच्या चुकीच्या चाळणीतूनही ती पार झाली आणि जुना मॅक पत्ता पुसला गेला. तपासण्याची कृतीच दोष घालवत होती. शेतातला सेन्सर, कॅमेरा किंवा मीटर तपासताना कोणाला असा अनुभव आला असेल, तर हे कारण एकदा पडताळून पाहावे.

दुरुस्तीची सुरुवात सोपी होती. पॅकेट पाठवताना मुदत वाढवणारी ओळ काढून टाकली आणि आलेल्या पॅकेटांचा क्रम आरएफसी ८२६ प्रमाणे लावला. दोष गेला, पण दुसरा उघडा पडला. आता दर साठ सेकंदांनी नोंद पुसली जाऊ लागली आणि त्याबरोबर दर मिनिटाला एक मोजमाप हरवू लागले. तक्त्यात पत्ता नसेल तर आमचा कर्नल हाक मारत असे आणि हातातले पॅकेट टाकून देत असे. वरचा थर, म्हणजे पॅकेट सोपवणारा वरचा भाग, ते पुन्हा पाठवेल हे गृहीत धरून असे करण्याची मुभा मूळ दस्तऐवजाने दिली आहे. पण यूडीपीत पुन्हा पाठवणारा वरचा थर नसतो. आरएफसी ११२२ यासाठी सांगतो की अशा प्रत्येक पत्त्यामागे किमान एक, शेवटचे पॅकेट तरी जपून ठेवावे आणि पत्ता कळला की पाठवावे. लिनक्स या प्रसिद्ध कर्नलमध्ये ही मर्यादा बराच काळ तीन पॅकेटांची होती. आम्हीही तीनच घेतली. मर्यादा हवीच, कारण अस्तित्वात नसलेल्या यंत्राकडे पॅकेट पाठवणारा एखादा प्रोग्रॅम नाहीतर कर्नलचे सगळे स्मरण भरून टाकील.

पॅकेट जपून ठेवणारी ही रांग लिहिली आणि बोर्ड गोठला. हा भाग मी सविस्तर सांगतो, कारण साध्या प्रोग्रॅममधला दोष आणि कर्नलमधला दोष यांतला फरक इथे कळतो. तक्त्याला एकाच वेळी दोघांनी हात लावू नये म्हणून त्यावर कुलूप असते. ज्याला काम करायचे त्याने ते घ्यावे, काम संपल्यावर सोडावे, आणि ते दुसऱ्याकडे असेल तर मिळेपर्यंत जागेवर थांबावे. आमचा पाठवणारा भाग कुलूप घेऊन पॅकेट रांगेत ठेवी आणि कुलूप हातात असतानाच हाक मारी. राउटर जवळच असल्याने उत्तर क्षणार्धात येई. नेटवर्क कार्डावर काही आले की प्रोसेसर हातातले काम जिथल्या तिथे थांबवून आधी त्याच्याकडे वळतो. याला इंटरप्ट म्हणतात. आमचा इंटरप्टचा भाग उत्तर तक्त्यात लिहायला जाई, कुलूप घेतलेले आहे असे पाही आणि ते सुटण्याची वाट पाहत बसे. ते सोडणारा मात्र याच प्रोसेसरवर अर्ध्यात थांबवलेला होता, आणि इंटरप्ट संपल्याखेरीज तो पुढे सरकू शकत नव्हता. साकवाच्या मधोमध दोन माणसे समोरासमोर यावीत आणि दुसरा मागे सरल्याखेरीज आपण हलायचे नाही असे दोघांनीही ठरवावे, तशी ती अवस्था. साध्या प्रोग्रॅमचे असे झाले तर तो प्रोग्रॅम मारून टाकता येतो. कर्नलचे झाले की मारणारा कोणी उरत नाही.

यावर आम्ही दोन गोष्टी केल्या. इंटरप्टच्या भागाने आलेले पॅकेट फक्त एका यादीत टाकून परत फिरायचे, तक्त्याला स्पर्शही करायचा नाही. ती यादी नंतर कर्नलचा एक वेगळा धागा, म्हणजे स्वतंत्रपणे चालणारे काम, सवडीने वाचतो. ही यादीच तेवढी दोघांच्या वापरात राहते, आणि ती वाचण्याच्या दोन-चार सूचनांपुरते इंटरप्ट बंद ठेवले जातात. दुसरी गोष्ट म्हणजे कुलूप हातात असताना काहीही पाठवायचे नाही. पत्ता कळला की रांगेतली पॅकेट आधी आपल्या खाजगी यादीत काढून घ्यायची, कुलूप सोडायचे आणि मग ती पाठवायची. मोठ्या कर्नलमध्येही इंटरप्टमध्ये कमीत कमी काम करून बाकीचे पुढे ढकलण्याची हीच रीत आहे.

मुदत संपताच नोंद पुसून टाकणे हेही थोडे आततायीपणाचे आहे, कारण बहुतेक वेळा पलीकडचे यंत्र जागेवरच असते. त्यामुळे वेळेचे दोन रकाने केले, एक शेवटच्या वापराचा आणि एक शेवटच्या खात्रीचा, आणि नोंदीला अवस्था दिल्या. खात्री साठ सेकंदांपेक्षा ताजी असेल तोवर नोंद पक्की. त्यानंतर ती संशयित होते. तिचा पत्ता वापरणे चालूच राहते, पण सोबत त्याच मॅक पत्त्यावर, सर्वांना न ऐकवता, तुम्ही अजून इथेच आहात का असे एकेका सेकंदाने तीनदा विचारले जाते. उत्तर आले तर नोंद पुन्हा पक्की होते. तिन्ही वेळा शांतता राहिली तरच तो पत्ता टाकून देऊन सर्वांना ऐकू जाईल अशी हाक मारली जाते. ही कल्पना आमची नाही. आयपीच्या सहाव्या आवृत्तीत एआरपीची जागा घेणाऱ्या नेबर डिस्कव्हरी प्रोटोकॉलमध्ये, २००७ च्या आरएफसी ४८६१ मध्ये, ती व्यवस्थित मांडलेली आहे, आणि लिनक्स चौथ्या आवृत्तीसाठीही तीच यंत्रणा वापरतो. तिथे खात्रीचा मूळ काळ ३० सेकंद आहे, आणि सगळ्या यंत्रांनी एकाच क्षणी विचारणा करू नये म्हणून प्रत्यक्षात तो १५ ते ४५ सेकंदांमध्ये कुठेही, चिठ्ठी काढल्यासारखा निवडला जातो. आम्ही साठ सेकंद ही कमाल मर्यादा ठेवली, पण तिच्या आत हा फेरफार मात्र घेतला.

वेळेच्या तुलनेविषयी एक सूचना इथेच करतो, कारण दुरुस्ती वाचताना एका विद्यार्थिनीने ती चूक पकडली. आमचे घड्याळ सेकंदाला हजार ठोके मोजते आणि आकडा ३२ बिटांत राहतो, म्हणजे साधारण ४९.७ दिवसांनी तो पुन्हा शून्यावर येतो. आताची वेळ ही खात्रीची वेळ अधिक साठ सेकंद यापेक्षा मोठी आहे का, असे विचारले आणि नेमके त्या क्षणी घड्याळ शून्यावर गेले, तर छोटा आकडा मोठ्या आकड्याला पुढचे सात आठवडे ओलांडू शकत नाही आणि आमचा मूळ दोष दुसऱ्या दाराने परत येतो. आताच्या वेळेतून खात्रीची वेळ वजा करायची आणि ती वजाबाकी साठ सेकंदांहून मोठी आहे का ते पाहायचे, अशी मांडणी केली की शून्य ओलांडतानाही उत्तर बरोबर येते. अशा चुका सात आठवडे लपून राहू नयेत म्हणून ३२ बिटी लिनक्समध्ये हे घड्याळ मुद्दाम शून्यावर येण्याच्या पाच मिनिटे आधीच्या आकड्यापासून सुरू केलेले असते.

कोणाच्याही घोषणेवरून तक्ता बदलणे सुरक्षित आहे का, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल, आणि तो योग्य आहे. एआरपीत सही-शिक्का नसतो. नेटवर्कमध्ये शिरलेले कोणतेही यंत्र मीच राउटर असे म्हणू शकते आणि इतरांची पॅकेट आपल्याकडे वळवू शकते. मूळ क्रमात याला एक छोटासा आळा आहे: आपल्यासाठी नसलेल्या पॅकेटावरून जुनी नोंद बदलता येते, नवी निर्माण करता येत नाही. पण राउटरची नोंद जुनीच असते, त्यामुळे तेवढ्याने भागत नाही. यासाठी आम्ही कर्नलमध्ये भिंत बांधली नाही. नोंदी सर्व्हरकडे पाठवण्यापूर्वी त्यांवर गुप्त किल्लीने खूण घातली, म्हणजे मधल्या कोणी त्या वळवल्या तरी त्यांत केलेला बदल लपून राहणार नाही.

गणपतीच्या सुट्टीत मी देवगडला जाऊन नवा कर्नल डब्यात भरला आणि शेडमध्येच, स्विच चालू ठेवून, राउटरची अदलाबदल दोनदा केली. पहिल्या वेळी नव्या राउटरने आपली घोषणा केली आणि ती ऐकताच डब्याने मॅक पत्ता बदलला. राउटर उठायला लागला तेवढ्याच काळाच्या नोंदी गेल्या. दुसऱ्या वेळी मी मुद्दाम घोषणा न करणारा राउटर लावला आणि बाकी सगळी यंत्रे काढून ठेवली. डबा संशयित अवस्थेत गेला, जुन्या पत्त्यावर तीनदा विचारून पाहिले, मग सर्वांना हाक मारली आणि उत्तर येताच रांगेतले पॅकेट रवाना केले. या गप्प राउटरच्या बाबतीत सर्वांत वाईट स्थितीत, म्हणजे राउटर गेला त्याच्या क्षणभर आधीच खात्री झालेली असेल आणि चिठ्ठीत मुदत साठ सेकंदांची निघाली असेल तर, त्रेसष्ट सेकंद आणि सहा-सात नोंदी जातात. काकांना मी तो हिशेब सांगितला, तेव्हा त्या सहा नोंदीही का जाव्यात असे त्यांनी विचारले. त्या वाचवायच्या तर सर्व्हरकडून प्रत्येक नोंदीची पोच मागून, न पोचलेली नोंद डब्यानेच पुन्हा पाठवायला हवी; ते काम एआरपीचे नाही, वरच्या थराचे आहे, आणि पुढच्या मोहोराच्या आधी ते करून द्यायचे मी कबूल केले आहे.